लाल पेन आणि वेलांटी

…आणि वही कशी, तर बिनरेघांची. आता तुम्हीच सांगा, एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला बिनरेघांची वही देतात का? माझी ओळ सुरू होते तळमजल्यावर आणि संपते माळ्यावर. बरं, तेही चालवून घेतलं असतं, पण पुठ्ठ्यावर छापलंय काय, तर ‘आजचे सूख’. सु दीर्घ. सुखातला सु दीर्घ, तुम्हाला सांगतो, म्हणजे उंबऱ्यातच ठेच, आत काय डोंबलाचं सुख मिळणार? तक्रार नाही माझी, पण छापणाऱ्याने एकदा, फक्त एकदाच, कुणाला तरी वाचायला दिलं असतं तर काय बिघडलं असतं…

वही दिली माझ्या लेकीने. एकुलती एक लेक, लग्न होऊन दुसऱ्या गावी असते, नवरा चांगला आहे, म्हणजे जोरात शिंकतो पण चांगला आहे, आणि सहा वर्षांची एक नात आहे. लेक म्हणाली, “बाबा, रोज संध्याकाळी ह्यात तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. त्या दिवशी घडलेल्या. मी फोनवर विचारणार.” मी म्हटलं तीन? रोज? अगं, एवढं कुठे घडतंय?

हसू नका. माझ्या डोळ्यांना वळणच तसं पडलंय, त्याला मी काय करू. एकतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली मी. प्रूफ म्हणजे काय, तर छपाईच्या आधी एक कच्चा कागद काढतात, तो वाचायचा आणि त्यातल्या चुका लाल शाईने समासात काढायच्या, बस्स, एवढंच काम. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत चुका शोधायच्या. छापखान्यात सगळे मला ‘लालपेन’च म्हणायचे. आता एका पानावर तीनशे शब्द बरोबर असतात हो, मान्य आहे, पण बरोबर शब्दाला कधी कुणी खूण करतं का? आणि अशा माणसाला संध्याकाळी सहा वाजता सांगायचं, की आता घरी जा आणि जरा चांगलं चांगलं बघ… ते जमायचं कसं?

बायको बिचारी जेवायला वाढून समोर बसायची आणि म्हणायची, “घ्या, आणि काही चुकलं असेल तर समासात लिहा.” आणि मी लिहायचो की! म्हणजे बोलायचो. मीठ कमी आहे, पेला भलत्या बाजूला आहे, पाट हलतोय. ती ओट्याशी उभी राहून गुणगुणायची. आयुष्यभर एकाच गाण्याची एकच ओळ, आणि त्यात एक शब्द चुकीचा. दरवेळी चुकीचा. पस्तीस वर्षं मी आतल्या खोलीतून तो शब्द दुरुस्त करून ओरडत होतो, आणि पस्तीस वर्षं ती “बरं” म्हणून पुन्हा तोच म्हणत होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता स्वयंपाकघरात कुणी काही चुकीचं गात नाही. इतकं शुद्ध झालंय ते घर, की आत जाववत नाही.

असो. तर लेकीचं. आई गेल्यावर ती रोज फोन करायची. मग दिवसाआड. मग बुधवार आणि रविवार. मग नुसताच रविवार. मला वाटलं कामात असेल. एका रविवारी नातीने फोन उचलला आणि तिथूनच आईला हाक मारली, “आई, आजोबा! आज कुणावर रागावलेत ते विचारू का?” आणि लेकीने फोन हातात घेतला. मग म्हणाली, “बाबा, तुमच्याशी बोलून झालं ना, की मला नंतर दोन तास काही सुचत नाही. पाण्याचं झालं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं झालं, बसच्या पायरीचं झालं. मी एवढ्या लांबून त्या बसच्या पायरीचं काय करू? मला फोन करायची भीती वाटते हो, बाबा.”

भीती. पोटच्या पोरीला. बापाला फोन करायची. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत एवढी मोठी चूक माझ्या नजरेतून सुटली नव्हती. एकेक करून फोन कमी होत होते आणि मी आपला पायरीचं सांगत बसलो होतो.

म्हणून घेतली ती वही. पहिल्या दिवशी बसलो लिहायला. लिहिलं, एक, दूध वेळेवर आलं पण पातळ होतं. दोन, गुडघा दुखला नाही पण उद्या दुखेल. तीन, कुत्रं भुंकलं नाही पण… आणि रविवारी वाचून दाखवलं फोनवर. लेक म्हणाली, “बाबा, ‘पण’ नको.” मी म्हटलं, म्हणजे? “म्हणजे ‘दूध वेळेवर आलं’ आणि पूर्णविराम. ‘पण’ लिहायचंच नाही.” आता तक्रार नाही माझी, पण ‘पण’ काढल्यावर माझ्या बोलण्यात उरतं काय? दुसऱ्या आठवड्यात पानंच्या पानं कोरी. तिसऱ्या आठवड्यात मी काय केलं, सांगू? जुनं लिहायला लागलो. आजचं काही सुचेना, तर म्हटलं तेव्हाचं लिहू. ओट्याशी ती गुणगुणायची. पूर्णविराम. लेक लहानपणी माझ्या चपला घालून गॅलरीत फटक फटक फिरायची. पूर्णविराम. छापखान्याचं यंत्र सुरू झालं की वरच्या मजल्यावर माझं टेबल थरथरायचं आणि टाचण्यांची डबी आपोआप चालत चालत कडेला यायची. पूर्णविराम… आणि लिहिता लिहिता लक्षात आलं, की अहो, ह्यातल्या एकेका गोष्टीवर मी तेव्हा बोंबाबोंब केलेली आहे. चपला खराब होतात म्हणून ओरडलो होतो. टेबल थरथरतं म्हणून मालकांना अर्ज दिला होता, दोन वेळा. जे जे आज आठवून वहीत उतरतं, ते ते सगळं मी तेव्हा समासात लाल करून ठेवलं होतं.

हे लेकीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “मग बाबा, वेलांटीकाकांचं काहीच कसं नाही? आईखालोखाल तुम्ही आयुष्यात त्यांच्याबद्दलच बोललात. निदान ते कसे आहेत, ते तरी जाऊन बघा.”

आता वेलांटी कोण, ते सांगतो. वेलांटी म्हणजे आमच्या छापखान्यातला कंपोझिटर. पूर्वी शिशाचे खिळे असायचे, एकेका अक्षराचा एकेक खिळा, ते उचलून उचलून ओळी जुळवायच्या, ते काम त्याचं. खाली तो जुळवणार, वर मी तपासणार. आणि ह्या माणसाचा ऱ्हस्व-दीर्घाशी काय उभा दावा होता कुणास ठाऊक. ऱ्हस्व असेल तिथे दीर्घ, दीर्घ असेल तिथे ऱ्हस्व. म्हणून वेलांटी. एका शाळेच्या पत्रिकेवर ‘पालक दिन’ जुळवायचं होतं, ह्याने जुळवलं ‘पालक दीन’. मी तो कागद घेऊन जिना उतरलो, आख्ख्या छापखान्यासमोर विचारलं, “का हो, पालक दीन?” तर हा शांतपणे म्हणतो, “शाळेची फी बघा ना.” सगळे हसले. मी नाही हसलो. माझा जिना किती पायऱ्यांचा होता, माहितीये? सतरा. दिवसातून आठ-दहा वेळा. ह्याच्या एकेका वेलांटीपायी माझे गुडघे गेले, तुम्हाला सांगतो.

निवृत्त झालो त्या दिवशी भाषण केलं मी. म्हटलं, “ह्या माणसाने मला एकतीस वर्षं एक दिवस सुखाने बसू दिलं नाही.” टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त कोण हसलं असेल, तर तो स्वतःच. डोळे पुसत हसत होता. त्यानंतर नऊ वर्षं आमची भेट नाही. तक्रार नाही माझी, पण तोही आला नाही की.

गेलो मग एका गुरुवारी, सकाळच्या वेळी. तीन मजले चढून. लिफ्ट नाही, आणि हे मी लेकीला सांगितलेलं नाही, नोंद घ्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. वहिनींनी मला ओळखलं, म्हणाल्या, “या या, लालपेन. पण जरा मोठ्याने बोला हं, त्या यंत्राने ह्यांचे कान पार नेलेत.” आणि आत खिडकीशी तो. अर्धा झालेला. स्वेटरची बटणं एक घर चुकून लावलेली, आणि मी काही बोललो नाही, तेही नोंद घ्या. मला बघून एकदम उभा राहायला गेला आणि पुन्हा बसला.

मी मोठ्याने विचारलं, “कसा आहेस?”

तर म्हणतो, “कशा म्हणजे? मुद्दाम.”

मी म्हटलं, “काय मुद्दाम?”

“चुका रे. मला वाटलंच होतं, तू एक दिवस येऊन विचारणार, एवढ्या चुका कशा करायचास म्हणून.” आणि वहिनींकडे बघून, “बघ, आला शेवटी विचारायला.”

मी काही विचारलं नव्हतं हो. मी ‘कसा आहेस’ म्हटलं होतं. पण बहिऱ्या माणसाला एकदा प्रश्न ऐकू आला की आला, तो परत घेता येत नाही. तो सांगायलाच लागला, आणि मी समोरच्या स्टुलावर बसून ऐकत राहिलो.

म्हणाला, “तुला कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या वहिनींना, म्हणजे तुझ्या बायकोला, दिवस गेले होते बघ. तेव्हा माझा हात अगदी बसला होता. दिवसदिवस तुझं लाल पेन उघडायचं नाही. एकदा मालक माझ्या पाठीमागे उभे राहून मशीनवाल्याला सांगत होते, ह्याचं काम आता इतकं स्वच्छ येतं, मग वर एक माणूस कशाला बसवून ठेवायचा? महिनाअखेर सांगून टाकू त्याला. मी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून पानाला चार चुका ठेवायला लागलो.”

ठेवायला लागलो, म्हणाला. जसं कुणी पक्ष्यांना दाणे ठेवावेत.

मला आठवलं हो ते वर्ष. चांगलंच आठवलं. कारण त्याच वर्षी ह्याचं काम अचानक बिघडलं म्हणून मी मालकांकडे गेलो होतो. लेखी घेऊन. तीन पानी. दोन्ही बाजूंना समास सोडून. ‘सदर इसमास कामावरून कमी करावे’ असं शेवटचं वाक्य होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती. मालकांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “ह्याला काढून नवा आणला तर तो आणखी चुका करेल. तुम्ही आहात ना वर, मग मला काळजी नाही.” आणि मी कॉलर ताठ करून जिना चढलो होतो. म्हणजे तो माझी नोकरी वाचवत होता आणि मी त्याची घालवत होतो, आणि दोघांचंही काम एकाच कागदावर चाललं होतं.

मी विचारलं, “ते पत्र… तुला माहीत होतं?”

पत्र हा शब्द मात्र त्याला पहिल्या झटक्यात ऐकू आला. “तर! मालकांनीच दाखवलं. छान लिहिलं होतंस. मला सांगितलं असतंस तर जुळवून दिलं असतं.”

आता माझं मन बघा कसं असतं. एवढं ऐकल्यावर माणसाने काय करावं? पाय धरावेत. माझ्या मनात काय आलं असेल? आलं, की हा थापा मारतोय. स्वतःला शुद्धलेखन येत नव्हतं ते झाकायला म्हातारपणी गोष्ट रचलीये. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी एक कागद घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, “ह्यांचं काही ऐकू नका. ही बघा कालची किराणाची यादी. ह्यांच्या हातची.” बघतो तर काय, ‘तूर’चा तू ऱ्हस्व, ‘साबण’ला भलतीच मात्रा आणि ‘मीठ’चा मी असा आखूड की खारट तरी लागेल का शंका. वहिनी म्हणाल्या, “मुद्दाम म्हणे. दुकानदारासाठी पण मुद्दाम का?”

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चला, म्हणजे माझं जुनंच बरोबर होतं.

तो यादीकडे बघून म्हणाला, “एकोणतीस वर्षं मुद्दाम चुकीचं लिहिल्यावर बरोबर कुठलं ते विसरणारच ना माणूस.” आणि मग सहज, चष्मा पुसता पुसता, “पटत नसेल तर तुमच्या घरी वहिनींना विचार.” मग तोच थांबला. म्हणाला, “हो रे… त्या नाहीत आता. विसरलोच मी.”

मी म्हटलं, “तिला काय विचारू?” मोठ्याने म्हटलं, दोनदा.

“त्यांना सगळं ठाऊक होतं. तुझा डबा विसरला होता, तो द्यायला आल्या होत्या त्या. सातवा महिना. तुझा जिना त्यांना चढवेना, म्हणून माझ्याकडे ठेवला. मी म्हटलं, वहिनी, काळजी करू नका, मी अशी अशी युक्ती केलीये. तर म्हणाल्या, त्यांना कळू देऊ नका भावजी. कळलं तर तेही दुरुस्त करतील.”

आणि तिथे, त्या स्टुलावर, मला आठवलं… रोज संध्याकाळी मी घरी पोचलो, चपला काढल्या, की ती काय विचारायची माहितीये? दमलात का, असं नाही. पाणी देऊ का, असंही नाही. विचारायची, “आज किती सापडल्या?” मला वाटायचं, वा, माझ्या कामात रस घेणारी बायको मिळाली. मी ऐटीत सांगायचो, बावीस. सव्वीस. ती म्हणायची, “छान.” आणि एखाद्या दिवशी मी म्हटलं, आज सहाच, की तिचा चेहरा पडायचा. आणि दुसऱ्या दिवशी कशा कोण जाणे, पण चाळीस निघायच्या. डब्यावरच्या फडक्याच्या गाठीत ‘थोड्या वाढवा’ अशी चिठ्ठी जायची खाली, हा म्हणाला. माझ्याच डब्यातून. मीच न्यायचो. खाली हात धुवायला डबा ठेवायचो तेव्हा हा काढून घ्यायचा.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यभर छापलेलं सगळं वाचलं. औषधांची पत्रकं वाचली, गाड्यांची वेळापत्रकं वाचली, एका संस्थेची घटना दोनदा वाचली. आणि रोज हातात घेऊन चाललो होतो, ती चिठ्ठी तेवढी वाचली नाही. माझ्या घराची भाकरी, माझ्या लेकीच्या शाळेची पुस्तकं, सगळं त्याच्या चुकांवर चाललं होतं, आणि रोज घरी येऊन मी त्या बाईला त्याच चुकांच्या तक्रारी ऐकवत होतो. आणि ती ऐकत होती. पुन्हा वर “छान” म्हणत होती. एवढं सांभाळून नेलं दोघांनी मला, आणि माझं सारखं आपलं जिन्याचं… सतरा पायऱ्या, सतरा पायऱ्या.

रडलो मी. वहिनी गेल्या आत, मला रडू द्यायला. त्याला वाटलं मला ठसका लागलाय, तो पाठीवर थापट्या मारत बसला. मी म्हटलं, “उपकार झाले रे तुझे.” तो म्हणाला, “काय, शिकार?” मी म्हटलं, “आभार, आभार मानतोय.” तो म्हणाला, “भार कसला, एवढंसं काम.” ते मात्र त्याला बरोबर पोचलं, असं आपलं मी धरून चाललोय.

रविवारी लेकीला सगळं सांगितलं. आजवर मी बोलायचो आणि ती हं हं करायची. त्या दिवशी तिने मधेमधे थांबवून पुन्हा सांगायला लावलं. डब्याच्या गाठीचं तर चारदा. मग म्हणाली, “आई काय होती ना बाबा.” फोन ठेवताना नातीने विचारलं, आजोबा, आज कुणावर रागावला नाहीत का? मी म्हटलं, राहूनच गेलं बाळा. सोमवारी पुन्हा फोन आला. लेकीचाच. काही काम नव्हतं, म्हणाली, सहज.

आता मी दर गुरुवारी त्याच्याकडे जातो. तक्रार नाही माझी, पण तीन मजले आहेत ते तीन मजलेच आहेत. जाऊ दे. तर एका गुरुवारी मी ठरवलं, ह्याला ऐकू येत नाही, तर लेखी द्यायचं. ह्याच्याबद्दल तीन पानं वाईट लिहिली होती, निदान एक पान चांगलं लिहू. लिहिलं सगळं. मालकांचं, त्या वर्षाचं, माझ्या लेकीचं. आणि शेवटी लिहायचं होतं, ‘मी तुझा जन्माचा ऋणी आहे.’ आणि मनात आलं, आयुष्यभर ह्याने माझ्यासाठी चुका ठेवल्या, आपण एक ठेवू की ह्याच्यासाठी. सापडली की खूश होईल, चिडवेल मला, म्हणेल काय लालपेन, म्हातारा झालास. म्हणून ‘ऋणी’ची णी ऱ्हस्व काढायची ठरवली. तुम्हाला खोटं वाटेल, हात वळेना. तीन कागद फुकट गेले. दरवेळी वेलांटी आपली सवयीने दुसऱ्या बाजूला. चौथ्या कागदावर डोळे मिटून काढली एकदाची. ‘ऋणि’. अंगावर काटा आला, पण ठेवली.

नेऊन दिलं. त्याने चष्मा लावला. खिडकीशी धरून वाचलं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून ठेवून पुन्हा वाचलं, शेवटच्या ओळीवर तर बोट बराच वेळ थांबलं. मी वाट बघतोय. त्याने नाक ओढलं, कागदाची व्यवस्थित घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाला, “फार सुंदर लिहिलंयस. एक चूक नाही.”

“नाही ना?” मी म्हटलं. “मग झालं तर.”